मंदावलेल्या इंजिनाचा तपास

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट या नावाने तयार होऊ लागलेली आणि सत्तरच्या दशकात प्रीमिअर पद्मिनी हे नाव पावलेली मोटार मुंबईच्या टॅक्सीतळांवरून ऑक्टोबर 2023 अखेर, वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमानुसार, कायमची निवृत्त झाली. परंतु खासगी मालकांनी जिवापाड जपलेल्या पद्मिनी, आणि त्यांच्यामागून आलेल्या कार्बोरेटरच्या मारुती 800, महाराष्ट्रात अनेक घरांच्या अंगणात अद्याप चालत्या स्थितीत उभ्या आहेत. या गाड्या मुळातच अल्पशक्तीच्या आहेत. पद्मिनीचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे व चार सिलिंडरांचे, मारुतीचे 796 घनसेंटिमीटरचे व तीन सिलिंडरांचे, आणि दोहोंची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. मुळातली शिल्लकच इतकी बेताची असल्यामुळे तिच्यातून पाच-सात अश्वशक्तीची घट झाली तरी चालकाला ती तत्काळ जाणवते. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारा चढ आता दुसऱ्या गिअरवाचून चढवत नाही, पुढचा ट्रक ओलांडण्याचा धीर होत नाही, आणि मालक मेस्त्रीकडे जाऊन ‘गाडीला पिकअप राहिला नाही’ अशी फिर्याद नोंदवतो.

फिर्याद एका वाक्याची असली तरी तिच्या मुळाशी असू शकणारी कारणे अनेक आहेत, आणि त्यांपैकी काही फुकट दुरुस्त होणारी, काही शे-दोनशे रुपयांची, तर काही इंजिन पुरते खोलायला लावणारी आहेत. दुर्दैवाने अनेक गॅरेजांत शिरस्ता असा पडला आहे की प्रथम प्लग बदलावेत, त्याने भागले नाही तर कार्बोरेटर खोलावा, तरीही भागले नाही तर ‘इंजिनाचे काम निघाले’ असा निकाल द्यावा. या शिरस्त्यात दुरुस्ती आहे, पण तपास नाही. सुटा भाग बदलणे म्हणजे रोगनिदान नव्हे. कोणत्या पुराव्यावरून कोणता भाग दोषी ठरला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने पाना हाती घेण्यापूर्वी थांबले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. आणि तपासाचा योग्य क्रम कोणता, हे सामान्य वाहनमालकालाही समजण्याजोगे आहे, म्हणून तो येथे विस्ताराने मांडतो.

पेट्रोल इंजिन शक्ती कोठून आणते, याचा विचार क्षणभर करावा लागेल. पिस्टन खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते, पिस्टन वर येताना ते दाबले जाते, योग्य क्षणी ठिणगी पडून ते पेट घेते व पिस्टनला खाली ढकलते, आणि चौथ्या फेरीत जळालेला वायू बाहेर टाकला जातो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते. याचा अर्थ असा की पुरेशी हवा, प्रमाणशीर पेट्रोल, वेळेवर पडणारी सशक्त ठिणगी, न गळणारा दाब आणि धुराला मोकळी वाट, या पाच गोष्टी जेथे पूर्णपणे उपलब्ध आहेत तेथे इंजिन अशक्त राहणे शक्य नाही. आणि जेथे ते अशक्त झाले आहे तेथे या पाचांपैकी एकीत तरी न्यूनता असलीच पाहिजे. साऱ्या तपासाचे सूत्र एवढेच आहे.

तथापि इंजिनावर आरोप ठेवण्यापूर्वी ते खरोखरच दोषी आहे काय, याची खातरजमा करणे न्यायाचे होईल. पुष्कळदा इंजिन आपले काम चोख करीत असते आणि त्याने निर्माण केलेली शक्ती वाटेतच खर्ची पडत असते. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असता ती लवकर थांबत असेल, किंवा पाच-सात किलोमीटर चालवून उतरल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले आढळले, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही असे समजावे. चढावर पाय दाबताच इंजिनाचा आवाज चढतो परंतु गाडीचा वेग चढत नाही, आणि त्याबरोबर जळका वास येतो, तर क्लचप्लेट घसरत आहे. टायरमध्ये हवा कमी असणे हे कारण इतके साधे आहे की ते पाहण्याचे कोणालाच सुचत नाही. याखेरीज एक कारण असे आहे की ज्यात गाडीचा काहीच कसूर नसतो. समुद्रसपाटीपासून 1372 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवा विरळ असते, आणि तेथे पोहोचेपर्यंत कोणत्याही साध्या कार्बोरेटरच्या इंजिनाची शक्ती सुमारे आठव्या हिश्श्याने उतरते; चाळीस अश्वशक्तीची गाडी तेथे पस्तीस अश्वशक्तीची होते. वाईला परत उतरल्यावर जी तक्रार आपोआप नाहीशी होते, तिच्यासाठी मेस्त्रीचे दार ठोठावण्याचे प्रयोजन नाही.

गाडीचा दोष नव्हे तर इंजिनाचाच दोष आहे असे ठरल्यावर पहिले काम मालकाची जबानी घेण्याचे. शक्ती एकाएकी गेली की महिनोनमहिने ओसरत गेली? गार इंजिनात गाडी ओढत नाही, की तापल्यावर? हळू चालताना ठीक असून वेग घेताना दम सोडते, की सर्वच गतींत सारखी मरगळ आहे? नवे पेट्रोल भरल्यानंतर, मुसळधार पावसानंतर, की अलीकडच्या एखाद्या दुरुस्तीनंतर हे सुरू झाले? या प्रश्नांची उत्तरे निम्मा तपास संपवतात. एकाएकी आलेली दुर्बलता बहुधा विजेच्या वा पेट्रोलच्या मार्गातील अडथळ्याची असते. सावकाश आलेली दुर्बलता झिजेची असते. आणि दुरुस्तीनंतर आलेली दुर्बलता, अप्रिय असले तरी सांगितले पाहिजे, त्या दुरुस्तीत हलवलेल्या भागाशीच बहुतेक वेळा निगडित असते.

आता एक ठराविक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवू. खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याकडे निघालेली पद्मिनी सपाटीवर सुरळीत चालते, परंतु घाटातील पहिल्या मोठ्या चढावर पाय पूर्ण दाबला तरी इंजिन ओढ घेत नाही. येथे चालकाला स्वतः करता येण्याजोगी एक उत्तम परीक्षा आहे. चढावर शक्ती मंदावलेली असतानाच चोकची कळ किंचित ओढावी. चोक हवेची वाट अरुंद करून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवतो; त्यामुळे चोक ओढताच इंजिनात जीव आला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते हे सिद्ध झाले, आणि तपास पेट्रोलच्या मार्गाकडे वळवावा. उलट गाडी अधिकच गुदमरली, तर पेट्रोलची टंचाई नाही. मग संशय ठिणगीवर, हवेच्या फिल्टरवर वा सिलिंडरच्या दाबावर जातो. एक पैसा खर्च न करता संशयितांची यादी निम्म्यावर येते.

पेट्रोलचा तुटवडा सिद्ध झाला तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा मार्ग क्रमाने तपासावा. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर गाडी काही किलोमीटर नीट चालून मग ढेपाळते, आणि झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू येतो. पुढे गाळणी, आणि तिच्यापुढे पेट्रोलपंप. या गाड्यांतील पंप यांत्रिक असून इंजिनाच्या फिरत्या कॅमवर त्याच्या रबरी पडद्याची हालचाल अवलंबून असते. पडदा जुना होऊन कडक झाला किंवा त्याला चीर गेली की सपाटीवर लागणारे थोडे पेट्रोल तो पुरवतो, पण घाटात मागणी वाढताच त्याची धाव अपुरी पडते. इंजिन थंड असताना पंपाची बाहेर जाणारी नळी काढून बाटलीत धरावी व स्टार्टर फिरवावा. प्रत्येक ठोक्याबरोबर पेट्रोलची जोरकस चिळकांडी आली पाहिजे. हे करताना कॉइलची मुख्य वायर काढलेली असावी आणि आसपास विडीकाडीची ठिणगी नसावी, ही सूचना कितीही वेळा दिली तरी अधिक होणार नाही. पंप निर्दोष निघाला तर कार्बोरेटरमधील फ्लोटची पातळी व मुख्य जेट पाहावेत. केसाएवढ्या कचऱ्यानेही जेटचा घास लहान होतो. एप्रिल-मेच्या उन्हात घाटातील रांगेत खोळंबलेल्या गाडीत पेट्रोल पंपातच उकळून त्याची वाफ होते आणि प्रवाह तुटतो. पंपावर ओले फडके टाकण्याची चालकांची जुनी युक्ती या बाबतीत सर्वस्वी शास्त्रशुद्ध आहे.

इंधनाच्या बाबतीत अलीकडे एक नवे कारण उत्पन्न झाले आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 2025 साली 20 टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असते, आणि त्याच्या अंगी प्राणवायू असल्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून येणारे मिश्रण पूर्वीपेक्षा विरळ पडते. त्या काळच्या गाड्यांतील रबरी नळ्या व पडदे या इंधनासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि महिनोनमहिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी बसू शकते. म्हणून जुन्या गाडीचे रबरी भाग एकदा बदलून घ्यावेत आणि टाकीतील पेट्रोल फार दिवस साठवू नये.

हवेचा मार्ग तपासण्यास सर्वांत सोपा, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. मळलेला फिल्टर बदलावा, अर्धवट अडकलेला चोक मोकळा करावा, आणि इंजिन बंद ठेवून एका माणसाने आतून पाय पूर्ण दाबला असता कार्बोरेटरमधील थ्रॉटलची चकती खरोखर सरळ उभी होते काय, हे दुसऱ्याने पाहावे. पायाखालचा जाड गालिचा वा झिजलेला सांधा यांमुळे थ्रॉटल तीनचतुर्थांशच उघडत असल्याची उदाहरणे विरळा नाहीत. कार्बोरेटरच्या तळाच्या गॅस्केटमधून चोरटी हवा शिरत असेल तर त्या सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडताच इंजिनाचा आवाज बदलतो. पीयूसी दाखल्याचाही येथे उपयोग करून घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडचा त्यावरील आकडा मागच्या खेपेपेक्षा बराच चढला असेल, तर मिश्रणात पेट्रोल जादा आहे असा लेखी पुरावा मालकाच्या हाती आयताच आलेला असतो.

ठिणगीचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असताना सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात, आणि तितक्याच वेळा डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडतात व मिटतात. प्रत्येक वेळी कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टांपासून हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न करते. पॉइंटांतील फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर असावी लागते. पॉइंटची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजत जाते, त्यामुळे फट हळूहळू कमी होते, आणि फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडून ठिणगीही उशिरा पडते. गाडी बंद पडत नाही, मिसिंग करीत नाही, खोकत नाही. केवळ दर महिन्याला थोडीथोडी मंदावत जाते, अधिक तापते आणि अधिक पेट्रोल पिते. चालकाला त्या मंदगतीची सवय होऊन जाते, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही. आणि फट मोजून टायमिंग पुन्हा लावले की गेलेली शक्ती अर्ध्या तासात परत येते.

इंजिनाची गती वाढते तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडावी लागते, आणि त्याची तजवीज डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान वजने व स्प्रिंगा करतात. ही वजने गंजून अडकली तर गाडी आयडलवर सुरेख चालते, पण वेग घेत नाही. टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरील खूण पाहत इंजिनाची गती वाढवावी. खूण सरकत गेली तर वजने मोकळी आहेत, जागीच राहिली तर दोष सापडला. जेथे निर्वातावर चालणारा पडदा बसवलेला आहे, तेथे त्याची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद धरावी. ओढ टिकली पाहिजे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणातील बारीक तडे आणि जुनाट प्लगवायरी ओल धरतात. रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडले तर निसटणारी वीज निळसर दिसते.

प्लग काढून त्यांचे रंग क्रमवार पाहणे हा या तपासातील फार मोलाचा दाखला आहे. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा, कोरडी काळी काजळी जादा पेट्रोलची वा अशक्त ठिणगीची, पांढुरकी राख विरळ मिश्रणाची व अतिउष्णतेची, आणि ओलसर तेलकट काळिमा झिजलेल्या रिंगांची वा व्हॉल्व्ह गाइडची खूण. तिघांचा रंग सारखा आणि चौथ्याचा निराळा असेल, तर दोष सर्वांना समाईक असलेल्या कार्बोरेटरमध्ये नसून त्या एका सिलिंडरमध्ये आहे. याची खात्री करण्यासाठी कार्बोरेटरच्या इंजिनात एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून इंजिनाच्या धातूला टेकवून धरतात. निरोगी सिलिंडर बंद पडताच इंजिन मंदावते, आणि जो बंद पडूनही काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच निकामी होता. इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग करू नये, तिच्या इलेक्ट्रॉनिक भागांना त्याने इजा पोहोचते.

धुराची वाट बंद झाल्याचे कारण फार थोड्या मेस्त्रींच्या ध्यानात येते. धुराडे बुजले की चूल पेटत नाही. सायलेन्सरच्या आतील पडदे गंजून कोसळले, नळी दगडावर आपटून चेपली, किंवा एप्रिल 1995 नंतर महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून बसला, तर जळालेला वायू सिलिंडरमध्येच रेंगाळतो आणि नव्या मिश्रणाला जागा उरत नाही. येथे व्हॅक्यूम गेज हे स्वस्त उपकरण कामास येते. इनटेक मॅनिफोल्डला ते जोडले असता निरोगी इंजिन आयडलवर समुद्रसपाटीला 17 ते 21 इंच पारा एवढा स्थिर आकडा दाखवते. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच वजा करावा, म्हणजे पुण्यास दोन इंच कमी धरावेत. काटा स्थिर पण थोडा खाली असेल तर ठिणगी उशिराची, नियमित ठेक्यात हिसका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरून ठेवले असता हळूहळू उतरत जात असेल तर सायलेन्सर तुंबला आहे.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तरच दाबाच्या परीक्षेकडे वळावे. आणि हीच परीक्षा इंजिन खोलावे की नाही याचा अखेरचा निवाडा देते. इंजिन तापवून सर्व प्लग काढावेत, कॉइलची वायर सोडवावी, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा, भरलेल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके द्यावेत व कॉम्प्रेशन गेजवरील आकडे कागदावर लिहावेत. अशा इंजिनांत 120 ते 150 पौंड प्रति चौरस इंच हा दाब समाधानकारक मानतात. परंतु आकड्यांच्या थोरवीपेक्षा त्यांच्यातील समानता महत्त्वाची, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर नसावे. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने तेवढ्यापुरती फट बुजवली. आकडा होता तेथेच राहिला तर व्हॉल्व्ह गळत आहे. आणि लगतचे दोन सिलिंडर एकदमच कमी निघाले तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटलेले असण्याचा संभव मोठा.

व्हॉल्व्हवर ठपका आला तरी हेड उतरवण्याची घाई करू नये. प्रथम टॅपेटची फट मोजावी. वाजणारा टॅपेट मालकाला अस्वस्थ करतो, परंतु अधिक घातक असतो तो गप्प झालेला टॅपेट. फट नाहीशी झाली की तापलेला व्हॉल्व्ह वाढून पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते. शिसे घातलेले पेट्रोल देशातून 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाले, आणि लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते बंद होणे सर्वथा इष्टच होते; मात्र ज्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कोरलेली आहे, त्यांना शिशाच्या थराचे संरक्षण उरले नाही, बैठक खोल जाऊ लागली आणि टॅपेटची फट आपोआप कमी होऊ लागली. अशा गाड्यांत ही फट पुस्तिकेनुसार नियमाने तपासणे, हाच हेड वाचवण्याचा उपाय होय.

या सर्व क्रमात एक नियम कधीही मोडू नये, आणि तो म्हणजे एका वेळी एकच फेरफार करण्याचा. प्लग, पॉइंट, जेट आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले व गाडी सुधारली, तर दोष कशात होता हे कायमचे अज्ञात राहते. आणि ती बिघडली तर कोणत्या बदलाने बिघडली हेही कळत नाही. प्रत्येक फेरफारानंतर त्याच रस्त्यावर, तितकीच माणसे बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 30 किलोमीटरपासून 60 पर्यंत पोहोचण्यास लागणारी सेकंदे मोजावीत. मोकळा व सपाट रस्ता पाहून, घड्याळ शेजारच्या माणसाच्या हाती द्यावे. चालकाच्या मनाला वाटणारी सुधारणा पुष्कळदा खर्च केलेल्या पैशांतून उपजलेली असते. घड्याळाला असा पक्षपात नसतो.

म्हणून जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की गाडी ठणठणीत असतानाच तिच्या सर्व सिलिंडरांचा दाब, व्हॅक्यूमचा आकडा, पॉइंटची व टॅपेटची फट आणि तिसऱ्या गिअरमधील सेकंदे एका वहीत तारीखवार उतरून ठेवावीत, आणि उद्या कोणी ‘इंजिनाचे काम निघाले’ असे सांगितले तर प्रथम दाबाचे आकडे कागदावर मागावेत. जो मेस्त्री ते आकडे देईल आणि त्यांचा अर्थ समजावून सांगेल, त्याच्या हाती गाडी निर्धास्तपणे सोपवावी; आकडे मिळेपर्यंत मात्र इंजिन खोलण्यास संमती देऊ नये.